माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र : आमची फ्रेंच वाहिनी परत द्या

माननीय केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री महोदय,

सविनय नमस्कार. मी पुण्यात सदाशिव पेठेत राहते आणि घरीच फ्रेंच शिकवते. गेल्या महिन्यात आमच्या टीव्हीवरून टीव्ही५मोंद ही फ्रेंच वाहिनी गायब झाली. त्या नंबरवर गेलं की काळ्या पडद्यावर ‘वाहिनी उपलब्ध नाही’ एवढीच ओळ दिसते. आधी कळवलं नाही, बिलातून एक रुपया कमी झाला नाही. केबलवाला मुलगा म्हणाला, “काकू, वरूनच बंद झालंय. आणि बघतं कोण ते? मोबाईलवर बघा की.”

मी बघते! माझे विद्यार्थी बघतात. आम्ही मोजण्यात येत नाही का?

२०१९ मध्ये ट्राय या सरकारी नियामक संस्थेचे नवे दर लागू झाले, तेव्हा आम्हाला काय सांगितलं होतं? ग्राहकाने हवी ती वाहिनी निवडावी, निवडलेल्याचेच पैसे भरावेत. महिन्याचं मूळ शुल्क १३० रुपये आणि वर जीएसटी. मी तो छापील फॉर्म घेऊन जेवणाच्या टेबलावर बसले होते, एकेका नावापुढे खूण करत. आज माझ्या बॉक्समध्ये मी कधीच न मागितलेल्या वाहिन्यांची रांग आहे, आणि जिच्यासाठी बॉक्स ठेवला तीच नाही.

ही वाहिनी १९८४ पासून चालू आहे. फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंडच्या वाहिन्यांनी मिळून ती उभी केली, पुढे कॅनडा आला. माझ्या मुलांना पॅरिसचे उच्चार पुस्तकाच्या सीडीवर मिळतात, पण माँट्रियलचा माणूस घाईत कसा बोलतो हे कुठे ऐकायचं? फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेत १०० पैकी २५ गुण ऐकण्याचे असतात. संध्याकाळच्या बातम्या लावायच्या, आवाज थांबवायचा, काय कळलं ते वहीत लिहायचं, असा माझा वर्ग वर्षानुवर्षं चालला. आता एका मोबाईलभोवती सहा डोकी जमतात आणि दर दोन मिनिटांनी ते चक्र फिरत बसतं. यजमान गेल्यापासून घरात माझ्याशी फ्रेंच बोलणारी ती वाहिनीच एक होती. दुपारी जेवताना लावायचे. आता भिंतीकडे बघत जेवते. तुमच्या खात्यात या नुकसानीसाठी रकाना आहे का?

वाहिन्या का जातात, ते तुमच्याच नियमांत लिहिलं आहे. परदेशातून प्रक्षेपण होणारी वाहिनी भारतात दाखवायची तर वर्षाला १५ लाख रुपये परवानगी शुल्क, इथूनच उपग्रहावर पाठवल्या जाणाऱ्या वाहिनीला ५ लाख. त्यावर कॅरेज फी, म्हणजे वाहिनी दाखवण्यासाठी केबल किंवा डीटीएच कंपनी तिच्याकडून घेते ते पैसे. २०१७ च्या नियमांप्रमाणे दर ग्राहकामागे महिन्याला २० पैशांपर्यंत. ऐकायला किरकोळ, पण दहा लाख जोडण्या धरा, वर्षाचे २४ लाख होतात. आणि हीच फी २० टक्क्यांहून जास्त ग्राहकांनी घेतलेल्या वाहिनीला माफ! म्हणजे गर्दी ज्याच्याकडे आहे त्याला सूट, आणि थोड्या लोकांच्या भाषेला दंड. हा कायदा कोणाच्या सोयीचा आहे, महोदय?

कारण प्रश्न फ्रेंचचा एकट्याचा नाही. याच पुण्यात शेकडो मुलं जपानी आणि जर्मन शिकतात, चाकणच्या कारखान्यांत दुभाषे म्हणून उभी राहतात. त्यांनी जग ऐकायचं कशातून? आणि जगाने आपल्याला ऐकायचं कशातून? जर्मनीची डॉइचे वेले तीसच्या आसपास भाषांत बोलते. बीबीसीने २०१७ मध्ये मराठी सेवा सुरू केली. मॉरिशससारखा छोटा देश सरकारी टीव्हीवर मराठी कार्यक्रम दाखवतो. आपली डीडी इंडिया मात्र जगाशी इंग्रजीत बोलते. २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून जास्त मराठी भाषक, २०२४ मध्ये अभिजात दर्जा, सत्कार, हारतुरे, भाषणं, आणि परदेशातल्या मराठी माणसासाठी सरकारची वाहिनी? काढायला कुणाला सवड नाही. सगळा देश तुम्ही टीआरपीच्या तराजूत घातला आहे, भाषासुद्धा.

परकीय सरकारी निधीतून चालणाऱ्या, जाहिरातींवर न जगणाऱ्या भाषावाहिन्यांचं शुल्क आणि कॅरेज फी माफ करा. वाहिनी बंद करण्याआधी ग्राहकाला महिनाभर लेखी सूचना सक्तीची करा आणि तिचे पैसे त्याच महिन्यापासून कमी करायला लावा. मराठीतून जगासाठी रोज तासभर तरी प्रक्षेपण सुरू करा. आणि ‘तक्रार निकाली काढली’ असा एसएमएस पुन्हा पाठवू नका. तसा एक मला आलेला आहे, वाहिनी बंद असताना.

आपली,
एक फ्रेंच शिक्षिका
सदाशिव पेठ, पुणे