ओळखयंत्र घेऊ नकोस

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

प्रकल्प अहवाल विद्यार्थ्याने स्वतः लिहिला की कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहवून घेतला, हे ओळखणारी कोणती प्रणाली विभागासाठी घ्यावी, असे तू विचारले आहेस. माझे मत विचारशील तर कोणतीही घेऊ नये. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी खुले करणाऱ्या ओपनएआयनेच असे एक साधन काढले होते. ते यंत्रलिखित मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के ओळखत असे, माणसाच्या ९ टक्के मजकुरावर यंत्राचा शिक्का मारत असे, आणि अचूकता कमी म्हणून जुलै २०२३मध्ये ते मागे घेण्यात आले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांना आढळले की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निम्म्याहून अधिक निबंध अशा प्रणाली यंत्राचे ठरवतात. बेतशीर शब्दांत सरळ लिहिणे हाच त्या लेखकांचा अपराध ठरला.

मीही एकदा अशाच एका प्रणालीने दाखवलेल्या यंत्रलेखनाच्या टक्केवारीवर विसंबून एका विद्यार्थिनीला जाब विचारला होता. दुसऱ्या दिवशी तिने हस्तलिखित टिपणे आणि खाडाखोड केलेले चार मसुदे माझ्यासमोर ठेवले. मी क्षमा मागितली, परंतु पुढचे संपूर्ण सत्र तिने वर्गात एकही शंका विचारली नाही. ही टोचणी अजून गेलेली नाही, म्हणूनच इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

त्याऐवजी प्रत्येक स्वाध्याय देताना आपण नेमके काय तपासणार आहोत, हे आधी ठरव. लेख वाचून त्याचा सारांश करायला सांगतो तेव्हा आपल्याला सारांश नको असतो, तो करताना होणारी बुद्धीची झटापट हवी असते. तिथे यंत्राला मनाई असावी आणि काम वर्गातच, आपल्या डोळ्यांसमोर व्हावे. उलट, प्रयोगाचा अहवाल लिहिताना भाषा सुधारून घेतली तर बिघडत नाही, मात्र कोणते साधन कशासाठी वापरले आणि त्याचे काय स्वीकारले, काय नाकारले, हे विद्यार्थ्याने शेवटी लिहावे. सिडनी विद्यापीठाने देखरेखीखालचे आणि खुले असे मूल्यमापनाचे दोन मार्ग केले आहेत, ते मला पटतात.

संदर्भांबाबत मात्र कडक राहा. अस्तित्वातच नसलेले ग्रंथ आणि लेख ही साधने बिनदिक्कत रचतात. चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे दाखल केल्याबद्दल जून २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. दिलेला प्रत्येक संदर्भ विद्यार्थ्याने स्वतः उघडून वाचलेला असलाच पाहिजे.

आणि दहा मिनिटांची तोंडी परीक्षा ठेव. हीच पद्धत का निवडली, कोणता परिच्छेद गाळला, निष्कर्ष कुठे डळमळीत वाटतो, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडते. साठ विद्यार्थ्यांना दहा तास लागतील, हे मान्य. पण ते तास शिकवण्यातच जमा होतात, संशय घेण्यात नव्हे.

विद्यार्थ्यांचे लेखन त्यांच्या संमतीवाचून अशा साधनात आपणही टाकू नये, हा नियम शिक्षकांसाठी तेवढा लिहून काढ. तुझा मसुदा तयार झाला की पाठव, मी ओळ न ओळ वाचेन.

तुझा स्नेही