पावसाळ्यात सक्युलंट का सडतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की सातारा, कराड, सांगली भागातल्या रोपवाटिकांत आणि रस्त्याकडेच्या गाड्यांवर सक्युलंटची, म्हणजे पानांत किंवा खोडात पाणी साठवणाऱ्या मांसल झाडांची, रोपे भराभर खपतात. गणपती येईपर्यंत त्यांतली बरीच सडलेली असतात. विकणारा ‘आठवड्यातून एकदा पाणी घाला’ एवढेच सांगतो. घेणाऱ्याची समजूत अशी की आपली पावसाळी हवाच या झाडांना मानवत नाही. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि त्यापायी चांगली रोपे हकनाक जातात, म्हणून हा पत्रप्रपंच.

नुसत्या दमट हवेने सक्युलंट मरत नाही. शिवसुमन हे आपल्या सह्याद्रीतले दुर्मीळ झाड मांसल खोडाचेच आहे. शिवनेरीप्रमाणे आपल्या सज्जनगडाच्या कड्यांवरही त्याची नोंद आहे. भर पावसात, धुक्यात ते कातळाच्या फटीत हिरवे होते आणि फुलते. तिथे पाणी मुळाशी थांबत नाही आणि वारा अखंड असतो, म्हणून ते तगते. (हे झाड घरी आणण्यासाठी कड्यावरून उपटू नये, ही हात जोडून विनंती.) घरातल्या कुंडीत नेमके उलटे घडते. माती ओली आणि हवा कोंडलेली.

याचे कारण या झाडांच्या हवा घेण्याच्या पद्धतीत आहे. बहुतेक सक्युलंट दिवसा पानांवरची छिद्रे मिटून घेतात आणि रात्री उघडतात. पावसाळ्यात रात्रीची हवा बाष्पाने भरलेली असल्याने पानांतून पाणी फारसे उडत नाही, त्यामुळे मुळेही मातीतले पाणी ओढत नाहीत. कुंडीतूनही वाफ निघत नाही. एप्रिलमध्ये चार दिवसांत सुकणारी कुंडी जुलैमध्ये दोन-तीन आठवडे आतून ओली राहते. अशा वेळी दर रविवारी पाणी घालणे म्हणजे ओल्यावर ओल चढवणे. मुळांना हवा मिळत नाही आणि पिथियमसारख्या बुरशी शिरतात. आल्याची कंदकूज पाहिलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

आर्द्रता अंदाजाने ओळखू नये, मोजावी. बाजारात तीन-चारशे रुपयांच्या आत छोटा डिजिटल आर्द्रतामापक मिळतो, मात्र तो आणल्या आणल्या तपासून घ्यावा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यावे आणि ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाण्याचे थेंब टाकावेत. मीठ विरघळून जाता कामा नये. हे झाकण आणि मापक घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर शेजारी ठेवावेत. सकाळी आकडा 75 टक्के दिसायला हवा. 80 दिसला तर पुढे प्रत्येक नोंदीतून 5 वजा करावेत. मापक कुंडीच्या उंचीवर ठेवावा, भिंतीवर टांगू नये.

बहुतेक सक्युलंटना 40 ते 60 टक्के आर्द्रता चांगली मानवते. 75च्या वर बराच काळ राहिली तर पाणी तोडावे आणि वारा वाढवावा. दुपारचा आकडा बघून निर्धास्त होऊ नये. 28 अंशांना 70 टक्के आर्द्रता असलेली हवा रात्री 22 अंशांवर उतरली, की आहे त्याच बाष्पावर ती जवळपास 100 टक्क्यांना पोचते आणि पानांच्या बेचक्यात दव धरते. म्हणून पंखा लावायचा तो संध्याकाळी सातपासून सकाळपर्यंत, सर्वांत कमी वेगावर, झाडावर थेट झोत न येता. दोन कुंड्यांत चार बोटे अंतर ठेवावे. तासगावकडच्या बेदाणा शेडला भिंती का नसतात, ते आठवले तरी हा मुद्दा ध्यानात येईल.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे गॅलरीतले ओले कपडे. पावसाळ्यात खिडक्या लावून, दोरीवर कपडे वाळत घालून त्याखालीच कुंड्या ठेवलेल्या असतात. बादलीभर कपड्यांतले लिटर-दीड लिटर पाणी त्याच हवेत जाते. कपडे तरी हलवा किंवा कुंड्या तरी. न्हाणीघर, ओट्यामागची खिडकी आणि काचेची बंद बरणी या तिन्ही जागा सक्युलंटसाठी बाद. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या मोकळ्या खोलीत काहीही करत नाहीत.

हवा पूर्णपणे आपल्या हातात नाही, माती मात्र आहे. रोपवाटिकेतले रोप बहुधा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, असते. ते वाहतुकीला हलके, पण पावसाळ्यात स्पंजासारखे पाणी धरते. आपली काळी माती तर याहून वाईट. फुगते, चिकटते आणि मुळांभोवतीची पोकळी बुजवते. रोप आणल्यावर जुने कोकोपीट बोटांनी झाडून टाकावे, मुळे दोन दिवस सावलीत सुकू द्यावीत आणि मग नव्या मिश्रणात लावावे: विटांचा चुरा 2 भाग, क्रशरवरची कच 1 भाग, चाळलेले आणि पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत 1 भाग. चुरा आणि कच 3 ते 6 मिलिमीटरची घ्यावी आणि भुकटी चाळून, धुऊन काढून टाकावी. भुकटी राहिली तर सगळी मेहनत फुकट, कारण तीच पोकळ्या भरते. एकेवेरियासारख्या नाजूक जातींना खत निम्मे केले तरी चालते.

कुंडी मातीची, न रंगवलेली, तळाला भोक असलेली आणि रोपापेक्षा दोन बोटेच मोठी असावी. चकचकीत चिनी मातीच्या बिनभोकाच्या कुंड्या दिसतात छान, पण पावसाळ्यात त्यांतले रोप जगवणे जवळपास अशक्य. तळाशी खडीचा थर देण्याची पद्धत सोडून द्यावी. बारीक मातीतले पाणी खडीच्या थरात सहजी उतरत नाही, थराच्या वर अडून बसते आणि ओल उलट मुळांच्या जवळ येते. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरे.

पाणी कधी द्यायचे हे कॅलेंडरवर नाही, काडीवर ठरवावे. कोरडी बांबूची काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढावी. टोक गार किंवा काळपट लागले तर पाणी नको. कोरडी आली तरी जून ते सप्टेंबर आणखी तीन-चार दिवस थांबावे, मग सकाळी कडेने, भोकातून बाहेर येईपर्यंत द्यावे आणि बशीतले पाणी लगेच ओतून टाकावे. स्प्रे करूच नये. त्याने हवा दमट होते ती घटकाभर, पण पानांच्या गाभ्यात साचलेले पाणी रात्रभर राहते.

लक्षणे वाचताना हमखास एक चूक होते. पाने सुरकुतली की लोक पाणी घालतात. माती कोरडी असेल तर ते बरोबर. माती ओली असून पाने सुरकुतली असतील तर मुळे आधीच गेलेली आहेत आणि वरून पाणी घालणे घातक ठरते. खालचे एखादे पान कागदासारखे वाळणे स्वाभाविक आहे. पान पिवळट, पारदर्शक, गिळगिळीत होऊन हात लावताच गळणे ही सडण्याची खूण. खोड मातीलगत काळे पडले असेल तर स्पिरिटने पुसलेल्या चाकूने वर वर कापत जावे. काप आतून सर्वत्र स्वच्छ दिसला, एकही तपकिरी ठिपका उरला नाही, की थांबावे. तो शेंडा सावलीत, वाऱ्यावर आठ-दहा दिवस सुकवून कोरड्या मिश्रणात टेकवावा आणि पुढे आठवडाभर पाणी देऊ नये.

पानांवर एकसारखी पांढरट झाक असेल तर ती बहुधा झाडाची स्वतःची मेणचट भुकटी असते, ती पुसू नये. ठिपक्यांनी पसरत जाणारी पांढरी बुरशी म्हणजे भुरी. बेचक्यातला कापसासारखा पुंजका म्हणजे पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने तो टिपून काढावा आणि आठवड्याने पुन्हा पाहावा. द्राक्षवाल्यांना ही दोन्ही नावे पाठ आहेत.

उन्हाळ्यात हवा कोरडी पडली म्हणून घाबरू नये. तेव्हा या झाडांना बाष्प नको, दुपारची सावली हवी.

विक्रेत्यांना विनंती, की रोपासोबत मातीचा प्रकार सांगावा आणि भोक नसलेल्या कुंडीत रोप विकू नये. आणि आपणांस विनंती अशी: हवामान खाते सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच वाजताची आर्द्रता नोंदवते. आपल्या दैनिकात तापमानाशेजारी सातारा आणि सांगलीचे हे दोन आकडे रोज द्यावेत. गॅलरीतल्या चार कुंड्यांइतकाच त्यांचा उपयोग द्राक्ष, आले आणि हळदीच्या शेतकऱ्यांनाही होईल.

आपले,
सातारा येथील काही बागप्रेमी वाचक