चोर्ल्याला येतो, थोडा धीर धर

माशेल, गोवा

प्रिय मित्रा,

घरी येणारं प्रत्येक माणूस ‘आता कसं आहे?’ विचारतं. तू मात्र पत्रात थेट ‘गाडी कधी काढतोस?’ असं विचारलंस. वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू!

डाव्या घोट्याचं मोडलेलं हाड जुळत आलंय. परवाच्या एक्स-रेत फटीची रेघ पुसट झालेली मी स्वतः पाहिली. आतली प्लेट आणि स्क्रू त्रास देत नसतील तर तसेच राहू देतात म्हणे. पण हाड जुळायला दीड ते तीन महिने लागत असले, तरी घोटा मोकळा व्हायला आणि सूज पुरती उतरायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो. आणि मोटारसायकलला घोटाच लागतो रे!

बघ ना, डावा पाय म्हणजे गिअर. लिव्हरखाली बोटं घालून पाऊल वर उचलायचं, आणि प्लास्टरमधून निघालेल्या घोट्याला नेमकं तेच जमत नाही. माझ्या बुलेटला टाचेने दाबायची पट्टी आहे, त्यामुळे वरचे गिअर पडतील. पण थांबताना काय? उजवा पाय ब्रेकवर, म्हणजे जमिनीला टेकणार डावाच. फेरीबोटीच्या धक्क्यावर हेच झालं. उतार पावसाने बुळबुळीत झालेला, पुढची स्कूटर थांबली, मी पाय टेकला तो सरकला आणि जवळपास दोनशे किलोची गाडी घोट्यावर आली. लोकांनी गाडी उचलली तेव्हा पाऊल बुटासकट भलतीकडेच वळलेलं होतं.

आई म्हणते स्कूटर घे, गिअरची कटकट नको. पण कललेली स्कूटरसुद्धा पायानेच सावरावी लागते ना.

म्हणून रोज सकाळी ओसरीवर व्यायाम करतो. तळपायाला पंचा अडकवून पाऊल अंगाकडे ओढायचं. मग भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. उजवा अंगठा भिंतीपासून चार बोटं लांब असला तरी गुडघा सहज टेकतो, डावा दोन बोटांवरच अडतो. ही दोन बोटं भरून निघाली की मी गाडीवर बसलोच म्हणून समज. डाव्या पायावर एकट्याने उभं राहणं अजून डळमळीत आहे, डोळे मिटले की लगेच भिंत धरावी लागते.

चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधताना मी खुर्चीवरून सुपारीचे घड नुसते पुढे करत होतो, तेव्हा फार वाईट वाटलं. त्याहून वाईट वाटतं ते पिवळ्या मडगार्डचे पायलट, म्हणजे आमचे मोटारसायकल टॅक्सीवाले, दारावरून जातात तेव्हा. बॅटरी उतरू नये म्हणून शेजारचा पोरगा अधूनमधून बुलेट चालू करतो. तो आवाज ऐकला की मला घरात बसवत नाही.

पहिली फेरी फक्त आमोण्याच्या पुलापर्यंत, कोरड्या रस्त्यावर, मागे कुणाला न बसवता. दिवाळीनंतर चोर्ला घाटातलं शेवाळ सुकलं की तू बेळगावहून नीघ, मी साखळी-केरीवरून वर येतो. चहा चोर्ल्याला घेऊ. कुंदा आणायला विसरू नकोस.

आणि एक काम कर. तिकडे कॅम्पात घोट्याच्या वर येणारे बूट बघून ठेव. बाजूला चेन असलेलेच घे, कारण संध्याकाळी सूज चढली की नाडीच्या बुटात पाऊल शिरत नाही. माप तुला ठाऊक आहेच, त्याहून एक नंबर मोठा चालेल.

तुझाच,
माशेलकर मित्र