दाभोळच्या फेरीबोटीवरून समजलेली प्रॉक्सी

दादा, नमस्कार,

फोनवर तुम्ही आभाराचं नाव काढू देत नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, आता काय ते बोला.

एप्रिलात रत्नागिरीत कुणाला फुरसत नसते, हापूसच्या पेट्या गाडीत चढतायत आणि आमचा ओरॅकल डेटाबेस कुरियरवाल्याच्या सर्व्हिसकडून ट्रॅकिंग नंबर आणायला तयार नाही. तीच लिंक ब्राउझरमध्ये टाकली की उघडते, यूटीएल_एचटीटीपीने (डेटाबेसमधूनच वेबवर रिक्वेस्ट पाठवणारं ओरॅकलचं पॅकेज) मारली की ओआरए-२४२४७, म्हणजे नेटवर्कवर जायला परवानगी नाही. तीन दिवस मी नुसती ती लिंक उघडून बघत होतो (हसू नका). तुम्ही पहिल्याच मिनिटाला म्हणालात, अरे मेल्या, ब्राउझर तुझ्या लॅपटॉपवर चालतो, ही रिक्वेस्ट डेटाबेसच्या सर्व्हरवरून निघते, तुझा लॅपटॉप त्यात आहेच कुठे!

मग तुमचं ते दाभोळ-धोपावे फेरीबोटीचं उदाहरण: आमच्या सर्व्हरला बाहेर जायला मधला प्रॉक्सी सर्व्हर लागतो, तीच ही खाडी पार करणारी बोट. धोपाव्याला उतरायची मुभा असून उपयोग काय, आधी बोटीवर चढू तर दिलं पाहिजे. मी एसीएलमध्ये (डेटाबेसमधून कुणी कुठे जायचं त्या परवानग्यांची यादी) कुरियरच्या होस्टला परवानगी दिलेली, प्रॉक्सीच्या होस्टवर एचटीटीपी_प्रॉक्सी ही वेगळी परवानगी द्यायचं डोक्यातच नव्हतं. दिलं, आणि २०० आलं, म्हणजे रिक्वेस्ट पोचली.

पण खरे आभार पुढच्या भानगडीचे. दिवसा माझ्या विंडोत सगळं झकास, रात्री २ ला आपोआप चालणारा शेड्युलर जॉब मात्र रोज टाइमआउट खाऊन पडलेला. मी नेटवर्कवाल्या पोराला उगाच झापलं, बिचारा. तुम्ही गुहागरला लग्नाच्या मांडवात, मागे बँजो वाजतोय, तरी फोन उचललात आणि ओरडून विचारलंत, सेट_प्रॉक्सी लिहिलीस कुठे? म्हटलं, प्रॉक्सी कुठली ते सांगणारी ती ओळ सकाळी आल्यावर एकदा चालवतो की. तर म्हणे ती त्या सेशनपुरतीच, म्हणजे डेटाबेसशी तेवढ्या एका जोडणीपुरतीच, जॉबचं सेशन वेगळं, त्याने तिकीटच काढलेलं नाही, तो सरळ खाडीत उडी टाकतोय!

आता ती ओळ जॉब चालवतो त्या प्रोसिजरमध्येच आहे, रिक्वेस्टच्या अगदी आधी, आणि ऑफिसातला आमचा सर्व्हर तुम्ही सांगितल्याप्रमाणे तिच्या दुसऱ्या पॅरामीटरमध्ये (प्रॉक्सीशिवाय कुठे जायचं ती यादी) टाकलाय, शेजारच्या घरी जायला बोट कशाला.

जेवणाचं ताट बाजूला ठेवून बोलत होतात हे वहिनींनी नंतर सांगितलं, त्यांनाही सॉरी सांगा. एक पेटी तुमच्या पत्त्यावर निघालीय, तिचा नंबर काल रात्रीच्या जॉबनेच आणला. नको म्हणायला फोन करू नका, उचलणार नाही.