मुलांना गोष्टीत शिरू द्यायचे, तर आधी गोष्ट पुरती सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आठ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी इंग्रजीत एका विशिष्ट प्रकारच्या कादंबऱ्या भरपूर निघत असतात. आजच्या काळातली, शाळेत जाणारी, परीक्षेला घाबरणारी दोन-तीन भावंडे एखाद्या जुन्या आरशातून किंवा पुस्तकातून थेट परीकथेच्या राज्यात जाऊन पडतात, तिथल्या घटनांत त्यांचा हात लागतो, गोष्ट भलत्याच वाटेला जाते आणि ती मार्गावर आणल्याशिवाय त्यांना घरी परतता येत नाही. कोल्हापुरात इंग्रजी माध्यमात शिकणारी मुले ही पुस्तके एकमेकांकडून मागून नेऊन वाचतात, हे मी गेली काही वर्षे जवळून पाहते आहे. या वयाच्या मुलाला मराठीत अशी भरघोस कादंबरी मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते. मात्र ती लिहिली जाण्याआधी एक काम व्हावे लागेल आणि ते आपल्या बालपुरवणीच्या हातातले आहे, म्हणून हे पत्र.

या कादंबऱ्यांची सगळी गंमत वाचकाला मूळ गोष्ट ठाऊक असण्यावर उभी असते. हिमगौरीच्या हातातले विषारी सफरचंद एखाद्या मुलाने हिसकावून घेतले, तर वाचणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न उभा राहतो, की आता राजपुत्र कशासाठी येणार आणि दुष्ट राणीचे काय होणार? मूळ गोष्ट माहीत नसेल, तर सफरचंद हिसकावणे ही नुसती एक घटना उरते. शिवाय मूळ गोष्ट म्हणजे चित्रपटातली गोष्ट नव्हे. आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर असलेली हिमगौरी बहुतांशी १९३७ सालच्या चित्रपटातून आलेली आहे. ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या संग्रहात राणी वेष पालटून एकदा नव्हे, तीनदा येते. पहिल्यांदा चोळीची नाडी घेऊन, नंतर विषारी फणी घेऊन आणि शेवटी सफरचंद घेऊन. राजपुत्राच्या चुंबनाने हिमगौरी उठत नाही, तर पेटी सतत वाहून वैतागलेला एक नोकर तिच्या पाठीत धपका घालतो, त्या हिसक्याने घशात अडकलेला तुकडा बाहेर पडतो आणि ती डोळे उघडते. त्या पहिल्या आवृत्तीत तिच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. तिची सावत्र आई केली गेली ती १८१९ च्या आवृत्तीत. एवढे तपशील हाताशी असलेल्या लेखकाला मुलांना गोष्टीत शिरवण्याच्या किती तरी वाटा सापडतात. ज्याच्याजवळ फक्त चित्रपट आहे, त्याला एकच सापडते.

आमच्या पेठेत शनिवारी संध्याकाळी मुले वाचायला जमतात. तिथे सिंड्रेलाची गोष्ट चालू असताना सहावीतल्या एका मुलीने विचारले, की बारा वाजल्यावर रथाचा भोपळा झाला, घोड्यांचे उंदीर झाले, कपड्यांच्या चिंध्या झाल्या, मग काचेचा बूट तेवढा कसा काय टिकला? हा प्रश्न नेमका अशा कादंबरीतल्या पात्राने विचारावा असा आहे. त्याचे उत्तर मूळ गोष्टीत मिळते. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ साली छापलेल्या कथेत परी भोपळ्याचा रथ करते, अंगावरच्या चिंध्यांचे भरजरी कपडे करते, पण बूट मात्र ती कशापासून तयार करत नाही, वेगळे आणून देते. जे बदललेले होते ते मूळ रूपात गेले आणि जे दिलेले होते ते राहिले, असा अर्थ त्यातून लावता येतो. त्यानंतर मी मुलांना सांगितले, की ग्रिम बंधूंच्या कथेत परीही नाही आणि बाराचे ठोकेही नाहीत. तिथे आईच्या थडग्यावर वाढलेले झाड मुलीला कपडे देते आणि राजपुत्र तिला अडवण्यासाठी जिन्यावर डांबर फासून ठेवतो, त्यात तिचा सोन्याचा बूट अडकून बसतो. डांबर म्हटल्याबरोबर मुले जी उसळली, ती त्या दिवशी पुस्तक मिटू देईनात. आपण तिथे असतो तर डांबराबद्दल तिला आधी सांगितले असते की नाही, यावर त्यांच्यात खडाजंगी झाली आणि सांगितले असते तर बूट अडकला नसता, हे त्यांतल्याच एकाने सगळ्यांना पटवून दिले. एका कृतीतून पुढे काय काय निघते, याचा इतका कसून विचार मुले उपदेशाच्या पाठावर करताना मला दिसलेली नाहीत.

आता आपल्या घरातल्या गोष्टींकडे पाहावे. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. आटपाट नगराच्या राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा आहे, म्हणून सगळ्यांनी घरातले सगळे दूध देवळात आणावे असा हुकूम निघतो. धाकाने लोक वासरांना पाजत नाहीत, मुलांना देत नाहीत, सगळे दूध नेऊन ओततात आणि तरी गाभारा भरत नाही. एक म्हातारी मात्र घरची कामे आटोपते, मुलाबाळांना आणि वासरांना पोटभर देते आणि उरलेले खुलभर दूध घेऊन येते. तेवढ्याने गाभारा भरून जातो. या नगरात कोल्हापूरचे एखादे पोर जाऊन पडले, तर काय होईल याची कल्पना करून पाहावी. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन वाढलेले हे पोर देवळापुढच्या रांगेत उभे आहे, प्रत्येक घरातून रिकाम्या पोटाच्या मुलांचे रडणे ऐकू येते आहे आणि पुढे काय होणार हे त्या गर्दीत एकट्या त्यालाच ठाऊक आहे. पहिल्याच सोमवारी त्याने राजाला खरे कारण सांगितले, तर गाभारा अजून रिता राहिलेलाच नाही, मग राजाने त्याचे का ऐकावे? म्हातारीला आधी गाठून घाई केली आणि घाईघाईत तिची वासरे उपाशी राहिली, तर तिच्या दुधात ते बळ उरेल का? इथे लेखकाला जादूची वेगळी सोय करण्याची गरजच पडत नाही; कहाणीनेच सगळे नियम घालून दिलेले आहेत.

शुक्रवारच्या कहाणीतही हीच ताकद आहे. श्रीमंत भाऊ आपल्या गरीब बहिणीला सगळ्यांदेखत पंगतीतून हात धरून उठवतो आणि दिवस पालटल्यावर त्याच भावाच्या घरी ती जेवणाचे घास आपल्या दागिन्यांवर ठेवते. आजची एखादी मुलगी त्या पहिल्या पंगतीत शेजारच्या पाटावर बसलेली असेल, तर तिने गप्प राहावे काय? आणि आपल्या शहरात तर गोष्टीचे दार शोधायला लांब जावे लागत नाही. रंकाळ्याचा नंदी गव्हाच्या दाण्याएवढा पुढे जातो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो, तो तळ्याला पोहोचला की प्रलय होतो, हे कोल्हापुरातली मुले ऐकतच मोठी होतात. टेंबलाई आणि अंबाबाई या कोल्हापुरातल्या देवींच्या कथेबाबत मात्र लेखकाने जपून पाऊल टाकावे असे माझे मत आहे. ती लोकांच्या श्रद्धेची आणि दरवर्षीच्या ललिता पंचमीची कथा आहे, तिथे मुलांनी फार तर साक्षीदार म्हणून उभे राहावे.

काही पालक म्हणतात, की असल्या पुस्तकांतून संस्कार मिळत नाहीत. मला उलटे दिसते. आपण गोष्ट सांगतो तेव्हा तिचे कोपरे घासून काढतो, भीती कमी करतो, मृत्यू गाळतो, शेवटी तात्पर्य चिकटवतो आणि मग त्या गुळगुळीत गोष्टीत मुलाला पाय ठेवायला जागाच राहत नाही. चिऊताई दार उघडत नाही आणि कावळा पावसात भिजत राहतो, हे सांगायला आपल्याला अवघड वाटते. मुलाला मात्र ते दार आपण उघडावे असे तिथेच वाटू लागते.

गोष्टींचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता. मुंबई प्रांताच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर हिने ॲना लिबेराता डिसोझा या आयाकडून ऐकलेल्या दख्खनच्या गोष्टी १८६८ साली इंग्रजीत छापल्या; त्या आयाने त्या आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. डॉ. सरोजिनी बाबर यांनी तर लोकसाहित्य गोळा करण्यात आयुष्य घातले. पण ही सामग्री अभ्यासकांच्या कपाटांत आहे आणि मुलांपर्यंत चार ओळींचे सारांश पोहोचतात.

म्हणून माझी आपणास विनंती आहे, की बालपुरवणीत दर आठवड्याला एक मराठी लोककथा किंवा कहाणी संपूर्ण छापावी. ती मऊ करू नये, तिचा शेवट बदलू नये आणि खाली तात्पर्य देऊ नये. तीच गोष्ट दुसऱ्या गावात वेगळी सांगितली जात असेल, तर तो फरकही शेजारी द्यावा, कारण कादंबरीकाराला अशा फरकांतूनच वाट सापडते. वाचकांकडून त्यांच्या घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी मागवाव्यात. वर्षभर असे झाल्यावर आपण लेखकांना आठ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी क्रमशः कादंबरी लिहिण्याचे आवाहन करावे, म्हणजे ती वाचणाऱ्या मुलांची पूर्वतयारी झालेली असेल. १८५० पासून चालत आलेल्या आपल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयांनी त्या गोष्टींच्या वाचनासाठी मुलांना बोलावले, तर अनेक पालक आनंदाने मुलांना घेऊन येतील. प्रारंभ खुलभर दुधाच्या कहाणीपासून करावा आणि ती पहिल्या श्रावणी सोमवारच्या आधीच्या अंकात यावी, एवढे सुचवते.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर