अहवाल मिळतो, पण समजावून कोण सांगणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील निरोगी उतारवयाविषयीचा लेख वाचला. त्यातील सल्ला योग्य आहे, परंतु तो साठी उलटलेल्यांना उद्देशून लिहिला आहे आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. मधुमेह आणि रक्तदाब बहुतेकदा तिशी-चाळिशीतच, काही दुखत-खुपत नसताना सुरू होतात. त्यांची झळ तेवढी उतारवयात लागते.

माझा धाकटा भाऊ वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात नोकरीला होता. तेथे दरवर्षी कामगारांची तपासणी होत असे. चाळिशीतच त्याच्या अहवालात तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ टक्के आणि रक्तदाब १५०/९६ अशी नोंद झाली होती. ५.७ ते ६.४ ही साखर म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि रक्तदाब सतत १४०/९० च्या वर राहिला तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, हे त्याला कोणीही सांगितले नाही. अहवाल बंद पाकिटातून हाती पडे, त्यावर कामासाठी पात्र असल्याचा शिक्का असे, आणि पाकीट कपाटात जाई. पन्नाशीनंतर पायांना सूज आली म्हणून त्याला डॉक्टरांकडे नेले, तोवर दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत आली होती. आज तो आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. निवृत्तीनंतर गावी जाऊन राहायचे त्याने ठरवले होते. आता गणपतीलाही त्याला दोन दिवसांत परतावे लागते.

म्हणूनच ‘नियमित तपासणी करा’ एवढ्यावर लेख संपलेला पाहून मला संताप आला. तपासणी तर झालीच होती, संपादक महोदय! अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, उंबरठ्यावरच्या लोकांना वजन सात टक्के घटवण्याचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम करण्याचे उद्दिष्ट देऊन सतत मार्गदर्शन केले, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. आपल्या देशात असे उंबरठ्यावरचे १३.६ कोटी लोक असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला. त्यांतील कित्येकांच्या घरी असेच पाकीट पडून असेल.

आणखी एक गोष्ट खटकली. त्याच पानावर संपूर्ण शरीर तपासणीच्या पॅकेजची मोठी जाहिरात होती. चाचण्यांची यादी लांबलचक, परंतु अहवाल घेऊन कोणी डॉक्टर दहा मिनिटे समोर बसतील, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. अशा जाहिरातींना आपण जागा देता, तर साखर आणि रक्तदाबाच्या कोणत्या आकड्याला काय करावे, याची चौकट आपण ठळक टाइपात छापावी आणि ती तिशीतल्या वाचकांसाठी असल्याचे वरच लिहावे, ही विनंती.

– एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे