ते यंत्र भंगारात काढू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत गुलमर्गच्या सहलीवर लेख आला होता. लेख आवडला. पण एका फोटोखाली ‘बर्फावरची स्कूटर : पर्यटकांचं नवं खेळणं’ अशी ओळ होती, ती वाचून गप्प बसवेना. हे यंत्र, म्हणजे स्नोमोबाइल, नवं नाही आणि खेळणं तर नाहीच. सियाचीनमध्ये आपले जवान त्यावर सामान वाहतात. उत्तर स्कँडिनेव्हियात रेनडिअर राखणारे लोक साठच्या दशकापासून त्यावर कळपामागे फिरतात. असंच एक यंत्र आपल्या पुण्यात, एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वर्कशॉपमागे, पत्र्याच्या शेडमध्ये उभं आहे आणि पुढच्या महिन्यात ते किलोच्या भावाने विकलं जाणार आहे. ते भंगारात जाण्यापासून वाचावं, एवढ्यासाठी हे पत्र.

मी त्या महाविद्यालयात ३३ वर्षं वर्कशॉप इन्स्ट्रक्टर होतो. शिक्षण आयटीआय, ट्रेड फिटर. १९९६ साली अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने आपली वापरलेली स्नोमोबाइल कॉलेजला भेट दिली. लाकडी खोकं फोडलं तेव्हा आतून लांबलचक नाकाचं, पुढे दोन स्की आणि मागे रुंद रबरी ट्रॅक असलेलं यंत्र निघालं. कव्हरवर नाव होतं पोलारिस इंडी ५००, मॉडेल १९८९ चं. पुण्यात याचं करायचं काय, हा प्रश्न सगळ्यांनाच पडला. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, ‘तुम्हीच उघडून बघा.’ त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर वर्षी दोन बॅचकडून मी ते उघडून घेतलं आणि पुन्हा जोडून घेतलं.

पहिल्याच दिवशी साइड कव्हर काढलं आणि मुलं ओरडली, ‘सर, ही तर कायनेटिक होंडा!’ बरोबरच होतं, आतली रचना त्या बिनगिअरच्या स्कूटरसारखीच. इंजिनाच्या टोकाला दोन तबकड्यांची पुली, मागे दुसरी पुली आणि मध्ये रुंद व्ही-बेल्ट. फेरे वाढले की पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, तबकड्या जवळ येतात, बेल्ट वर चढतो आणि गिअर न बदलता वेग वाढतो. फरक एवढाच, की कायनेटिक होंडात बेल्ट सतत फिरत असतो आणि क्लच मागच्या बाजूला असतो. इंडीत पुढची पुली हाच क्लच. गाडी उभी असताना तबकड्या फाकलेल्या आणि बेल्ट मोकळा. शर्यतीचे मेकॅनिक वजनं, स्प्रिंग आणि मागच्या पुलीतल्या तिरक्या खाचेचा कोन बदलत बसतात. बर्फ भुसभुशीत की टणक, थंडी किती, समुद्रसपाटीपासून उंची किती, हे पाहून सगळं पुन्हा जुळवायचं. इंजिन दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, ४८८ सीसी, पाण्याने थंड होणारं. ते जपानच्या फुजी हेवी इंडस्ट्रीजने बनवलेलं. त्यावर दोन मिकुनी कार्ब्युरेटर. यामाहाची आरएक्स १०० मोटरसायकल उघडलेल्या मुलाला त्यात परकं काहीच वाटलं नाही.

पण खरी शिकण्याची गोष्ट पुढच्या स्कींमागे होती. ती समजायची तर थोडा इतिहास सांगावा लागेल.

बर्फावर चालणाऱ्या यंत्राची निकड काय असते, हे कॅनडाच्या जोसेफ-आर्मांड बाँबार्डिये यांच्या घरात १९३४ च्या हिवाळ्यात दिसलं. रस्ते बर्फाने बंद असल्यामुळे त्यांच्या लहान मुलाला रुग्णालयात नेता आलं नाही आणि तो दगावला. पुढे १९५९ मध्ये त्यांनी स्की-डू ही स्नोमोबाइल बाजारात आणली. त्याआधी, १९५६ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या रोझो या छोट्या गावात हेटीन बंधू आणि डेव्हिड जॉन्सन यांच्या शेती अवजारांच्या कारखान्यात पोलारिसचं पहिलं यंत्र तयार झालं होतं. यंत्रावर भरवसा बसावा म्हणून एडगर हेटीन १९६० मध्ये अलास्कात बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत हजार मैलांहून जास्त अंतर त्यावरून गेले. कंपनीतल्या लोकांना हा उद्योग रुचला नाही. हेटीन बाहेर पडले आणि त्यांनी शेजारच्या थीफ रिव्हर फॉल्समध्ये नवा कारखाना काढला. तोच पुढे आर्क्टिक कॅट झाला. म्हणजे पुढची कित्येक वर्षं शर्यतीत एकमेकांशी झुंजलेल्या या दोन कंपन्यांची सुरुवात एकाच माणसाच्या हातून झाली.

यंत्र आलं की शर्यत आलीच. विस्कॉन्सिनमधल्या ईगल रिव्हरला १९६४ पासून शर्यती भरतात. पुढे तिथल्या गोठवलेल्या लंबगोल ट्रॅकवर जगज्जेता ठरू लागला. १९७४ मध्ये ती शर्यत जिंकली झील विलनव्हने, अल्युएट या कॅनेडियन गाडीवर. पुढे फॉर्म्युला वनमध्ये फेरारीच्या लाल गाडीत ज्याला जगाने पाहिलं तोच हा विलनव्ह. समोर बर्फाचा धुरळा, दिसत काही नाही आणि तरी वेग सोडायचा नाही, ही सवय स्नोमोबाइलनेच लावली, असं तो सांगत असे. त्याचा धाकटा भाऊ जॅक तर ईगल रिव्हरला तीनदा जिंकला. मी वर्गात हे सांगितलं की फॉर्म्युला वनचे चाहते असलेली मुलं मागच्या बाकावरून उठून यंत्राजवळ येत.

त्या काळातल्या बहुतेक गाड्यांच्या स्की पोलादी स्प्रिंगच्या पाट्यांवर बसवलेल्या असत, आपल्या टेम्पोच्या मागच्या पाट्यांसारख्याच. पाटा दणकट असतो, पण तो फार थोडा दबतो. गोठलेल्या ट्रॅकवर वळणावळणाला खड्डे पडतात. तिथे स्की उडते, आणि हवेत उडालेल्या स्कीने गाडी वळत नाही. तोवर ‘स्नो प्रो’ या वर्गात कारखान्यांचे स्वतःचे संघ उतरू लागले होते आणि पोलारिसने १९७७ च्या सुमारास आरएक्स-एल ही गाडी शर्यतीत आणली. तिची प्रत्येक स्की स्वतंत्रपणे वरखाली होत होती. मागच्या बाजूने पुढे येणारा लांब आर्म, चॅसीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) मध्यातून आडव्या आलेल्या दोन दांड्या आणि उभा कॉइल स्प्रिंगचा शॉकअप. एक स्की खड्ड्यात गेली तरी दुसरी बर्फ सोडत नाही. १९७८ च्या हंगामात पोलारिसचा एक चालक शर्यतीतच गेला आणि कारखान्याने आपला संघ मागे घेतला. गाडी थांबली, पण ती रचना थांबली नाही.

रोझोच्या, म्हणजे पोलारिसच्या, मंडळींकडे टीएक्स-एल नावाची गाडी होती. दोन सिलिंडरची, पाण्याने थंड होणारी आणि लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी नावाजलेली. विनिपेगहून सेंट पॉलपर्यंत शेतं, ओढे आणि रस्त्याकडेच्या चरांतून जाणारी शर्यत ही तिची घरची जागा. १९८० मध्ये याच टीएक्स-एलला त्यांनी शर्यतीतलं पुढचं सस्पेन्शन जोडलं आणि ती गिऱ्हाइकाला विकायला काढली. नाव ठेवलं टीएक्स-एल इंडी. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. आमच्या शेडमधली गाडी हिच्याच वंशातली.

हे घडलं तेव्हा धंद्याची अवस्था काय होती, हेही सांगायला हवं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शंभराहून जास्त कारखाने स्नोमोबाइल बनवत होते. मग तेलाचे भाव भडकले, दोन-चार हिवाळे बर्फाविना गेले आणि एकेक कारखाना बंद पडला. आर्क्टिक कॅटचं १९८१ मध्ये दिवाळं वाजलं. त्याच वर्षी पोलारिसची तेव्हाची मालक असलेल्या टेक्सट्रॉन या मोठ्या कंपनीने ती विकायची ठरवली, तेव्हा तिथल्या व्यवस्थापकांनीच ती विकत घेतली. हातात पैसा थोडा आणि भरवशाची वस्तू इंडी. माझं मत असं, की त्या पुढच्या दोन दांड्यांनी रोझो गावाचा कारखाना तारला. कुणी म्हणेल विक्रीने तारला. पण खड्ड्यातून अंग न मोडता जाता येतं, हे लोकांना बसून पाहिल्यावरच कळलं आणि मग विक्री झाली.

पुढे इंडी ४०० आली, तीन सिलिंडरची ६०० आली, १९८८ ला ६५० आली आणि १९८९ ला आमची ५००. ती ना फार महाग, ना फार उग्र. नव्वदच्या दशकात शर्यतीसाठी एक्ससीआर मॉडेलं निघाली. त्यांत शॉकअप लांबत गेले, कारण शर्यती आता सपाट ट्रॅक सोडून उड्यांच्या झाल्या होत्या. बाकीचेही स्वस्थ नव्हते. यामाहाने १९८४ च्या फेझर या गाडीला दुर्बिणीसारखे सरकणारे शॉकअप दिले. आर्क्टिक कॅट पुन्हा उभी राहिली आणि मोटारीसारखे ए-आर्म (इंग्रजी A च्या आकाराचे आर्म) वापरू लागली. २००३ मध्ये स्की-डूच्या रेव्ह या मॉडेलने चालकालाच पुढे सरकवून उभं राहता येईल असं बसवलं आणि सगळ्यांना आपापल्या चॅसी नव्याने आखाव्या लागल्या. त्या धावपळीत इंडी हे नाव मागे पडलं. २०१३ च्या मॉडेलांत पोलारिसने ते परत आणलं आणि आजही ते चालू आहे. उलट यामाहाने २०२३ मध्ये स्नोमोबाइल बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. १९६८ पासूनची परंपरा संपली. ज्या कंपनीच्या टू-स्ट्रोकवर आमची पिढी वाढली, तिची ही बातमी वाचून मला फार वाईट वाटलं.

आता शेडकडे येतो. पुण्यात ही गाडी चालवता येत नाही. ट्रॅक ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून घसरतो त्यांना बर्फाचं वंगण लागतं. डांबरावर त्या वितळतात. इंजिनाचं पाणीही ट्रॅकने उडवलेल्या बर्फानेच थंड होतं, कारण रेडिएटर सीटखालच्या ॲल्युमिनियमच्या बोगद्यात असतो. म्हणून आम्ही मागची बाजू घोडीवर चढवायचो, सीट काढायचो आणि बर्फाच्या कारखान्यातून आणलेली लादी गोणपाटात गुंडाळून त्या ॲल्युमिनियमवर ठेवायचो. मग दोरी ओढायची. मे महिन्याच्या दुपारी, पत्र्याखाली, वितळलेलं पाणी पायांवरून वाहतंय आणि ट्रॅक गरगर फिरतोय. टू-स्ट्रोकच्या धुराने शेड भरून जायची आणि एकही मुलगा बाहेर जायचा नाही.

अलीकडच्या वर्षांत तिचा उपयोग उलट वाढला होता. बाहा या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी बग्गी बनवणारी मुलं, स्पर्धेला मध्य प्रदेशात पिथमपूरला जाण्याआधी, हिच्याकडे येत. त्यांच्या बग्गीतही असाच बेल्ट आणि अशाच दोन पुली असतात, आणि मागच्या चाकांना लांब आर्म आणि आडव्या दांड्या. वजन बदललं की बेल्ट कधी पकडतो, कोन बदलला की चढावर काय होतं, हे मुलं इथे हाताने करून बघत.

माझ्या निवृत्तीनंतर शेडला कुलूप लागलं. परवा एका जुन्या सहकाऱ्याने कळवलं, की डेडस्टॉक रजिस्टरात यंत्रापुढे ‘निरुपयोगी, सुटे भाग अनुपलब्ध, निर्लेखनास पात्र’ असा शेरा पडला आहे, म्हणजे नोंदीतून काढून टाकायला हरकत नाही. संस्थेवर माझा राग नाही. जागा कमी आहे, ऑडिटमध्ये प्रश्न येतात, हे मी जाणतो. पण ‘सुटे भाग अनुपलब्ध’ हे खरं नाही. प्लग, पेट्रोलचे पाइप, कार्ब्युरेटरचे जेट मी स्वतः नाना पेठेतून आणले आहेत. ऑइल सील माप घेऊन बेअरिंगच्या दुकानात मिळाले. आणि या गाड्या तिकडे इतक्या विकल्या गेल्या, की पिस्टन, रिंगा, बेल्ट हे सगळं आजही मागवता येतं. मी अधिकाऱ्यांना दोनदा भेटलो, लेखी अर्जही दिला. उत्तर आलेलं नाही.

माझी विनंती साधी आहे. एखाद्या कॉलेजने, आयटीआयने, संशोधन संस्थेने किंवा जुन्या गाड्या जपणाऱ्या कुणीही लिलावाआधी हे यंत्र मागून घ्यावं. जागा दहा फूट बाय चार फूट लागते. उघडून, साफ करून, चालू करून देण्याचं काम मी विनामूल्य करीन. तरुण इन्स्ट्रक्टरांना शिकवीन. डोळ्यांचं ऑपरेशन झालं असलं तरी हात अजून स्थिर आहेत.

निवृत्त होताना मी तिचा बेल्ट काढून, रीतसर नोंद करून घरी आणला होता, कारण दाबाखाली राहिला की तो वाकडा होतो. पावडर लावून तो माझ्या घरी खुंटीवर टांगलेला आहे. जो कुणी यंत्र नेईल त्याने तो आधी माझ्याकडून घेऊन जावा. बसवताना त्याच्यावरच्या बाणाची दिशा पाहावी, ती इंजिनाच्या फिरण्याच्या बाजूला हवी.

आपला,
एक निवृत्त वर्कशॉप इन्स्ट्रक्टर,
कसबा पेठ, पुणे

(माझं नाव आणि फोन नंबर आपल्या कार्यालयात दिला आहे. संस्थेची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये. यंत्राबद्दल कुणी विचारणा केली तर मात्र नंबर जरूर द्यावा.)